फलकाला मुजावर हवा

ग्रामपंचायतीसमोर किंवा शाळेच्या आवारात एक दगड उभा करायचा, त्यावर गावच्या शूरांची नावे कोरायची आणि पाहुण्यांच्या हस्ते त्यावरचा पडदा बाजूला सारायचा, हा उपक्रम आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, म्हणजे १९७२-७३ च्या सुमारास, विकासगटांच्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले. १९८० नंतर राज्यात हुतात्मा स्मारके आली. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. देशभरात त्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. पन्नास वर्षांत तीन योजना झाल्या. तिन्ही वेळा दगड आला, नारळ फुटला, फोटो निघाले. पण दुसऱ्या दिवसापासून तो दगड कोणाच्या हवाली? त्यावर चुकलेले नाव कोण दुरुस्त करणार, राहून गेलेले नाव कोण शोधणार, आणि या कामाला दरसाल पैसा कुठून यायचा? हे प्रश्न तिन्ही वेळा मागेच राहिले.

आम्ही रेणापूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला मुलांना रांगेत उभे करून झेंड्याला सलामी देतो, आणि 'सर, आपल्या गावातले कोण होते?' या प्रश्नाला उत्तरही आम्हालाच द्यावे लागते. त्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या कामाचा आहे. आमचे म्हणणे असे की, या फलकांवर मुसलमानांची नावे तुरळक दिसतात याचे मोठे कारण म्हणजे फलक चालवण्याची व्यवस्थाच आपल्याकडे नाही. जी नावे हाताशी असतात ती कोरली जातात. जी शोधावी लागतात ती राहतात. मराठवाड्यात आपली नावे शोधावीच लागतात. दुजाभाव नसतो असे आम्ही म्हणत नाही. पण दुजाभावाला सर्वांत जास्त वाव घाईच्या कामात मिळतो.

घाई किती होती ते पाहा. 'मेरी माटी मेरा देश'ची घोषणा पंतप्रधानांनी ३० जुलै २०२३ च्या 'मन की बात'मध्ये केली आणि ९ ऑगस्टला अभियान सुरूही झाले. मधे जेमतेम दहा दिवस. त्या मुदतीत ग्रामसेवकाने काय करावे? तो कपाटातली जुनी यादी काढतो, पेन्शन घेणाऱ्यांची नावे पाहतो, सरपंचाला फोन करतो आणि दगडवाल्याकडे कागद पाठवून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावर घरकुल, पाणीपट्टी आणि शौचालयाचे अहवालही असतात. पण पेन्शनच्या यादीत नाव येण्यासाठी अर्ज करावा लागला होता, दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागली होती. ज्याने अर्ज केला नाही, ज्याचे घरच १९४८ नंतर गाव सोडून गेले, ज्याच्या विधवेला मराठी वाचता येत नव्हते, तो त्या यादीत कसा असेल? आणि यादीत नसेल तर दगडावर कसा येईल?

आम्ही एकदा एका कार्यालयात एका बुजुर्गांचे नाव घेऊन गेलो होतो. 'पुरावा आणा,' असे ऐकवले गेले. आम्ही जुना कागद पुढे ठेवला. 'हे उर्दूत आहे, आम्हाला वाचता येत नाही,' असे म्हणून तो परत मिळाला. कागद होता, वाचणारा नव्हता, आणि वाचणारा नसल्याचा तोटा त्या बुजुर्गांच्या नावाला झाला.

वाचकहो, इथेच आमचा खरा आक्षेप आहे. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकापासून सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. तहसील, पोलीस, अदालत, शिक्षण खाते, सगळ्यांचे दप्तर उर्दूत. म्हणजे मराठवाड्याचा १९४८ पर्यंतचा सरकारी इतिहास, तुरुंगात कोण गेला, कोणावर वॉरंट निघाले, कोणाची जमीन जप्त झाली, हा सगळा मजकूर मोठ्या प्रमाणात उर्दू लिपीत पडून आहे. तो फक्त मुसलमानांचा नाही. गोविंदराव, माणिकराव, नारायणराव यांचाही इतिहास त्याच लिपीत आहे. या भागात उर्दू ही एका मोहल्ल्याची भाषा समजणाऱ्यांनी जुन्या दप्तराचे एक पान उघडून पाहावे.

सरकारला हे माहीत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. निजामकालीन कागदांसाठी हैदराबादपर्यंत जाणे झाले. ते योग्यच झाले. ज्याच्या हक्काचा कागद आहे त्याला तो मिळाला पाहिजे. पण मग आमचा साधा प्रश्न आहे. आरक्षणाच्या कामासाठी उर्दू वाचणारा शोधता येतो, तर त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यांत, गावोगावच्या शिलाफलकांसाठी का शोधता आला नाही? कागद तेच, कपाट तेच. त्या कामामागे रेटा होता, या कामामागे नव्हता, एवढाच फरक.

कागदाचे मोल काय असते, याचे ताजे उदाहरण फातिमा शेख यांचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये या बाई झाल्याच नाहीत, हे पात्र रचलेले आहे, असा गाजावाजा झाला. त्याला उत्तर कोणी दिले? सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेल्या पत्राने. त्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रातल्या एका नावाने ती शिक्षिका पुसली जाण्यापासून वाचवली. हे पत्र गहाळ झाले असते तर तिच्या नावाच्या सगळ्या कमानी आणि जयंत्या मिळूनही तिला वाचवू शकल्या नसत्या. म्हणून आम्ही म्हणतो, दगड नंतर, आधी कागद.

आता मराठवाड्यात हे नावांचे प्रकरण एवढे नाजूक का, तेही बोलले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. २०२३ मध्ये त्याची ७५ वर्षे झाली. या लढ्याची गोष्ट व्यासपीठावरून सांगितली जाते तेव्हा तिच्यात मुसलमान एकाच वेशात येतो, रझाकाराच्या. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. हे आम्ही लपवत नाही, लपवण्याचे कारणही नाही. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. त्या मेलेल्यांची नावे दगडावर असलीच पाहिजेत. पण रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानला निघून गेला, आणि त्याच्या नावाचा हिशेब इथे राहिलेल्यांच्या नातवंडांकडे मागितला जातो. आमच्या वर्गातल्या मुलाला १७ सप्टेंबरच्या भाषणात मान खाली घालून बसावे लागते. त्याला कोणी शोएबुल्ला खान सांगत नाही.

शोएबुल्ला खान हे हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत होते, तेही उर्दूत, रझाकारांना वाचता येईल अशा भाषेत. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री रझाकारांनी त्यांना गाठून मारले, लिहिणारे हात तोडले. वय तिशीच्या आत. पोलीस कारवाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता. मराठवाड्याच्या मुक्तीसाठी ज्याने प्राण दिला, त्याचे नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक मुक्तिसंग्राम स्तंभावर असायला कोणाची हरकत असावी?

दुसरी बाजूही आहे. पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार हे सरकारच्याच सांगण्यावरून या जिल्ह्यांतून फिरले. त्यांच्या अहवालात, फारच कमी धरला तरी २७ ते ४० हजार माणसांच्या मृत्यूचा अंदाज आहे आणि लातूरचा उल्लेख नाव घेऊन आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे विणकर, पिंजारी, शेतमजूर त्यात गेले. अशांची गाववार यादी झालेली आम्ही पाहिलेली नाही. त्याच अहवालात मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्यांचीही यादी नाही. आम्ही कोणाविरुद्ध फिर्याद मांडत नाही. त्या मारणाऱ्यांपैकी आज कोणी उरलेही नसेल. पण गाव एकच होते, वर्ष एकच होते. मग दगडावर अर्धेच वर्ष का कोरायचे?

हे जमते, याचा दाखला शेजारीच आहे. सोलापूरला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. चौघांचे पुतळे एका ठिकाणी आहेत, चौघांना अभिवादन एकाच दिवशी होते. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र काढत होते. सोलापुरात चार हुतात्मे म्हटले की चार नावे येतात; त्यांतले एक वगळून कोणाला तीन म्हणता येत नाही. सोलापूरची माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. तिथे दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि दरवर्षी जमणारी माणसे आहेत.

आता चालवण्याकडे येऊ. राज्यात दोनशेच्या वर हुतात्मा स्मारके उभी राहिली ती बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातल्या योजनेतून. महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना गावोगावी छप्पर देण्याचा विचार करणारा मुख्यमंत्री मुसलमान होता, ही गोष्ट आज किती जणांना आठवते? अंतुले १९८२ च्या सुरुवातीला पायउतार झाले. स्मारके राहिली, पण त्यांतल्या कित्येकांची काय कळा झाली ते आपण पाहतो. कुठे कुलूप, कुठे जनावरे, कुठे पत्त्यांचा डाव. दर ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी येते, अधिकारी भेट देतात, रंग लागतो, पुन्हा वर्षभर शांतता. बांधण्यासाठी एकदा पैसा मिळाला. झाडणारा, राखणारा आणि नावे सांगणारा माणूस मात्र मिळाला नाही.

याउलट आपल्या गावांतले दर्गे पाहा. कित्येक दर्ग्यांवर एक ओळही कोरलेली नाही. तरी दोनशे-तीनशे वर्षे बुजुर्गांचे नाव गावाच्या तोंडी आहे, हिंदूंच्याही. हे कशामुळे? उरुसाचा दिवस ठरलेला असतो. संदल कोणाच्या घरून निघायचा हे ठरलेले असते. झाडलोट करायला, दिवा लावायला मुजावर असतो आणि त्या दिव्याच्या तेलासाठी आपल्या पूर्वजांनी जमीन लावून दिली होती. मशरूतुल खिदमत इनाम म्हणतात ते हेच; सेवा करा आणि जमीन खा, सेवा सोडली तर जमीन सुटली. मंदिरातल्या नंदादीपासाठीही अशीच इनामे होती. आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते की आठवण ही चालवावी लागते आणि चालवणाऱ्याचे पोट भरावे लागते.

दूर कशाला, आमच्याच तालुक्यात पानगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन केलेल्या आहेत. दर ६ डिसेंबरला तिथे लोक लोटतात. त्यासाठी कोणत्या अभियानाची वाट पाहावी लागत नाही. गरीब माणसांनी आपल्या कुवतीने ती जागा धरून ठेवली. याला आम्ही चालवणे म्हणतो.

परदेशातही वेगळे काही नाही. घरांवर स्मृतिफलक लावण्याची लंडनची योजना १८६६ पासूनची. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला आणि १८८९ मध्ये ते घरच पाडले गेले. योजना मात्र राहिली, कारण तिच्यामागे आधी एक संस्था होती, मग लंडनची कौन्सिल आली, मग इंग्लिश हेरिटेज. कोणीही नाव सुचवावे. माणूस जाऊन वीस वर्षे झालेली हवीत. जाणकार कागद तपासतात. घरमालकाची संमती घेतात. मग फलक लागतो. त्यात वर्षे जातात आणि कोणी घाई करत नाही. २०१३ मध्ये सरकारी पैसा कमी झाला तेव्हा त्यांनाही नवे अर्ज थांबवावे लागले; २०१४ मध्ये देणगीदारांच्या जोरावर ते पुन्हा सुरू झाले. याच योजनेत लोकमान्य टिळकांच्या लंडनमधल्या घरावर फलक आहे आणि सर सय्यद अहमद खान जिथे १८६९-७० मध्ये राहिले त्या घरावरही आहे. २०२० मध्ये नूर इनायत खान यांचा लागला. आपले टिळक आणि आपले सर सय्यद, दोघांची आठवण परक्यांनी एकाच नियमाने राखली. आपल्याकडे पुणे महापालिकेनेही थोरांच्या घरांवर निळे फलक लावले आहेत. पुण्याला जमते ते लातूरला का जमू नये?

लातूरच्या गंजगोलाईचेच घ्या. १६ रस्ते येऊन मिळणारी ती गोल बाजारपेठ ही लातूरची ओळख. मधे जगदंबेचे मंदिर आहे. या गोलाईची आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केली आणि १९१७ मध्ये तिथली इमारत उभी राहिली, असे जिल्ह्याच्या माहितीतच दिलेले आहे. गोलाईत रोज हजारो माणसे सौदा करतात. त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, ते कोणीही विचारून पाहावे. देवीच्या मंदिराभोवतीचा बाजार ज्या फैयाजुद्दीनने आखला, त्याचे एक वाक्य वाचून लातूरचे मूल जे शिकेल, ते राष्ट्रीय एकात्मतेच्या दहा भाषणांतून शिकणार नाही.

काही आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. आपल्यातले काही जण म्हणतील, दगडावर नावे कोरणे हे आपल्या दीनमध्ये बसत नाही. त्यांना आमचे अदबीने सांगणे की, इथे कोणी फुले वाहायला आणि मन्नत मागायला सांगत नाही. ही गवाही आहे. ज्या उम्मतने हदीस सांगणाऱ्या एकेका रावीचे नाव, गाव आणि चारित्र्य तपासून लिहून ठेवले, अस्मा-उर-रिजाल हे त्याचे शास्त्रच केले, तिला नावे जपण्याचे वावडे असू शकत नाही.

दुसरे म्हणतील, पोटाला नोकरी नाही, शाळेला शिक्षक नाही, आणि तुम्ही फलकाचे काय घेऊन बसलात? आम्ही शिक्षक आहोत. रिकाम्या जागा आम्हाला रोज दिसतात. पण 'तुमचे इथे काय आहे?' हा प्रश्न मुलाला नोकरीच्या मुलाखतीआधी शाळेच्या रस्त्यावरच ऐकावा लागतो. त्याचे उत्तर त्याच्या गावाच्या वेशीवर लिहिलेले असेल तर त्याची मान वर राहते, आणि मान वर असलेले मूल जास्त शिकते.

तिसरे म्हणतील, गावात तेढ वाढेल. तेढ अफवेने वाढते. तपासलेला कागद ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचला तर ती कमी होते.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक शिलाफलकासोबत ग्रामपंचायतीत एक नामवही असावी. कोणाचेही नाव कोणालाही सुचवता यावे, ते ग्रामसभेत वाचले जावे, महिनाभर हरकतींसाठी फळ्यावर राहावे. दुसरी, तालुक्याला एक छोटी समिती असावी आणि तिच्यात उर्दू व मोडी वाचणारा माणूस मानधनावर असावा. कुणबी नोंदींसाठी जी माणसे शोधली, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल. तिसरी, फलकाची देखभाल आणि नवी नावे कोरणे यासाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी एक ओळ असावी, मग रक्कम कितीही लहान असो. चौथी, नाव हुतात्म्याचेच हवे ही अट नसावी. विहीर खोदून देणारा, पटकीच्या साथीत घरोघर फिरलेला हकीम, मुलींना पहिल्यांदा शाळेत आणणारी उस्तानी, हेही गावाचेच शूर. पाचवी, मजकूर मराठीत असावा आणि जिथे वाचणारे आहेत तिथे खाली उर्दूतही असावा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरच्या उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे त्या निकालात स्पष्ट केले. आता कोणाला बिचकण्याचे कारण नाही.

एवढे सरकारकडे मागू. पण सरकार येईपर्यंत दप्तराला वाळवी थांबणार नाही. म्हणून काही गोष्टी आपल्या हातातल्या. घरातल्या ट्रंकेत सनद, वॉरंट, तुरुंगातले पत्र, जुने उर्दू वर्तमानपत्र असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये दाबून खराब करू नका, सुती कापडात ठेवा. मशिदीच्या आणि कब्रस्तानाच्या जुन्या वह्या विश्वस्तांनी रद्दीत घालू नयेत. ज्या बुजुर्गांनी १९४८ पाहिले ते आता ऐंशी-नव्वदीचे आहेत. त्यांचे बोलणे याच वर्षी लिहून घ्या. उर्दू शाळांतल्या आम्हा शिक्षकांचे काम सर्वांत मोठे. या जिल्ह्यात जुनी उर्दू वाचू शकणारी तरुण पिढी आमच्याच वर्गांतून निघते. आठवी-नववीच्या मुलांना शिकस्ता लिपीची ओळख करून द्या, एकेका गावाचा एकेक कागद वाचायला लावा आणि त्याचे मराठी करून ग्रामसभेत पोचवा. गोविंदरावांचे वॉरंट उर्दू शाळेतल्या मुलीने वाचून दाखवले तर त्या दिवशी गाव तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील.

पुढच्या मोठ्या वर्धापनवर्षाला पुन्हा एखादे अभियान येईल, पुन्हा दहा दिवसांची मुदत मिळेल आणि ग्रामसेवक पुन्हा विचारेल, 'तुमच्यातले कोणी होते का?' त्या वेळी त्याच्या टेबलावर तपासलेली, सह्या झालेली, ग्रामसभेने मंजूर केलेली नामवही ठेवता आली पाहिजे. ती वही आजपासून लिहायला घ्यावी लागेल.